बोंबील येतो कोठून? : हिवाळ्यांतील समुद्र आणि मासेमारी

केशोरीच्या बाजूस थंडी पडूं लागली आणि धानाच्या मळण्या उरकत आल्या, म्हणजे आठवड्याच्या बाजारांत एका कोपऱ्यास सुक्या मासळीचीं पोतीं उघडून विकणारी मंडळी बसलेली दिसते. सुकट, जवळा, सुके झिंगे आणि काडीसारखे वाळलेले बोंबील. ज्यांस तो वास सोसत नाहीं ते नाकास पदर लावून पुढें जातात. ज्यांस आवडतो ते चार बोंबील वाकवून पाहतात, भाव करितात आणि पिशवींत टाकितात. घरीं गेल्यावर त्यांची व आमच्या लाल मिरचीची गांठ पडते, आणि पुढील गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा बोंबील येतो कोठून, असें आम्हीं एकदां वर्गांत विचारलें, तेव्हां एकानें "इटियाडोहांतून" असें उत्तर दिलें व दुसऱ्यानें "गोंदियाहून" असें सांगितलें. दुसऱ्याचें उत्तर अगदींच खोटें नव्हतें; पोतें खरोखरच गोंदियाहून आलें होतें. मात्र त्याच्या यात्रेचा आरंभ तेथें झाला नव्हता. गोंदियाहून रेल्वेनें पश्चिमेकडे हजार किलोमीटरांच्या घरांत प्रवास केला असतां जो समुद्र लागतो, त्यांत हा मासा सांपडतो. आणि तो सांपडण्याचे व वाळण्याचे मुख्य दिवस हिवाळ्याचेच होत. म्हणून यंदा या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही तळ्यांच्या मुलुखांत राहणारीं माणसें. नवेगांव बांधाचा विस्तीर्ण तलाव, गाढवी नदीवरील इटियाडोहाचा जलाशय आणि गांवोगांवचे मामा तलाव व बोड्या यांवर आमच्या भागांतील ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करीत आला आहे. तळ्याचा हिवाळा त्यांस पाठ असतो. पाणी गारठलें कीं रोहू-कटला खोल पाण्यांत जाऊन बसतात व खाणें कमी करितात. तळें हें लहान भांडें आहे. तें रात्रीं लवकर निवतें आणि दिवसा लवकर तापतें. समुद्राचें तसें नाहीं. डिसेंबर-जानेवारींत गोंदियाचें किमान उष्णतामान ८-१० अंशांपर्यंत उतरतें, कधीं त्याहूनहि खालीं जातें. डहाणूचा किनारा जवळजवळ आमच्याच अक्षांशांत आहे. पण तेथें तशी रात्र क्वचितच येते. कारण शेजारीं समुद्र आहे, आणि त्याचें पाणी भर हिवाळ्यांतहि सुमारें २५ अंश उष्ण असतें. तेव्हां कोकणच्या समुद्रांत मासा थंडीनें गारठून बसत नाहीं. उलट त्याच्या सुगीचे दिवस याच सुमारास येतात. असें कां व्हावें ?

याचें उत्तर पावसाळ्यापासून सुरू होतें. जून व जुलै हे दोन महिने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांस मासेमारीची मनाई असते. नैर्ऋत्येचा वारा सुटलेला, समुद्र खवळलेला, आणि पुष्कळ जातींच्या माशांचा अंडीं घालण्याचा काळहि हाच; म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवितात. श्रावणांत नारळी पौर्णिमेस कोळी लोक समुद्रास नारळ अर्पण करितात आणि मग पुन्हां पाण्यावर निघतात. दरम्यान नद्यांनीं डोंगरांतील गाळ व माती समुद्रांत आणून टाकलेली असते. दक्षिण कोकणापासून केरळापर्यंत वाऱ्याच्या ओघानें किनाऱ्याचें वरचें पाणी दूर लोटलें जाऊन त्याच्या जागीं खोलांतील थंड पाणी वर आलेलें असतें, व त्याबरोबर तळाशीं सांचलेले क्षारहि वर येतात. शेतास खत तसे समुद्रास हे क्षार. त्यांवर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर लहान मासे आणि लहानांवर मोठे.

उत्तरेकडील अरबी समुद्रांत हेंच काम हिवाळा निराळ्या रीतीनें करितो. नोव्हेंबरपासून भूमीवरून कोरडा, गार वारा समुद्रावर वाहूं लागतो. त्यानें वरच्या पाण्याची वाफ होते. जें उरतें तें अधिक खारट व अधिक थंड, म्हणून अधिक जड होतें आणि खालीं बुडूं लागतें. तें खालीं गेलें कीं खालचें क्षारयुक्त पाणी वर येतें. चुलीवरील पातेल्यांत तापलेलें पाणी वर येऊन गार पाणी खालीं जातें हें सर्वांनीं पाहिलें आहे. येथें आंच खालून लागण्याऐवजीं गारवा वरून लागतो, एवढाच भेद. हिवाळ्यांत या समुद्रांत सूक्ष्म वनस्पतींचा बहर कां येतो, याचा हा उलगडा गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केला. जी थंडी आम्हांस शेकोटीपाशीं बसविते, तिच्याच जातीच्या कोरड्या वाऱ्यानें समुद्राचें शेत असें नांगरलें जातें.

वाऱ्याविषयीं आणखी एक गोष्ट. हिवाळ्यांत रात्रीं जमीन निवते व पहाटे भूमीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्यास मतलई वारा म्हणतात. दुपारीं जमीन तापली कीं तो उलटतो व समुद्राकडून येऊं लागतो. तो खारा वारा. पूर्वीं शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर जात आणि दुपारीं खाऱ्यावर परत येत. जणूं देवानें जाण्यायेण्याची गाडी ठरवून दिली होती. आतां बहुतेक होड्यांस यंत्र बसविलेलें असतें, परंतु वाऱ्याचीं नांवें लोकांच्या तोंडीं अजून आहेत.

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या सुट्टींत आम्ही वसईजवळ अर्नाळ्याच्या किनाऱ्यास दोन दिवस राहिलों होतों. तेथें एका वृद्ध कोळ्यास आम्हीं विचारलें कीं, आज भरती केव्हां पूर्ण होईल ? त्यानें उलट विचारलें, "मास्तर, आज तिथी कोणची ?" आम्हांस तारीख ठाऊक होती, तिथी ठाऊक नव्हती. तो हंसून म्हणाला, "तारखेनं पानी येत नाय, मास्तर." मग त्यानेंच सांगितलें कीं आज तृतीया, म्हणजे सव्वादोनास भरती. आम्ही घड्याळ घेऊन वाळूंत बसलों. अडीचाच्या सुमारास पाणी चढावयाचें थांबलें. ती युक्ति आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी : पंधरवड्यांतील तिथीच्या अंकास पाऊण या अपूर्णांकानें गुणावें, म्हणजे मुंबईकडील पूर्ण भरतीची वेळ स्थूल मानानें निघते. अष्टमीस सहा वाजतां, दशमीस साडेसात वाजतां. चंद्र रोज सुमारें पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग चालते, हें त्याचें कारण. अंकगणितांतील अपूर्णांकांचा उपयोग काय, असें विचारणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात. त्यांस आम्ही अलीकडे हेंच उदाहरण देतों.

आतां भरती-ओहोटीशीं बोंबलाचा संबंध काय तें सांगितलें पाहिजे. वसई, अर्नाळा, उत्तन, वेसावे, सातपाटी या बाजूस बोंबील मुख्यतः डोल नांवाच्या जाळ्यांत धरितात. डोल म्हणजे एक प्रचंड लांब पिशवी. तिच्या तोंडाशीं विणीचीं भोकें तळहाताएवढीं मोठीं असतात. पुढें पुढें तीं लहान होत जातात, आणि शेंपटाशीं करंगळी जेमतेम शिरावी इतकीं बारीक होतात. समुद्राच्या तळांत खुंट ठोकून किंवा नांगर टाकून ही पिशवी प्रवाहाच्या तोंडास बांधून ठेवितात. म्हणजे डोल माशाच्या मागें धांवत नाहीं; ती जागच्या जागीं उभी राहते आणि समुद्र तिच्यांतून वाहतो. प्रवाहाबरोबर आलेला मासा तोंडांतून आंत जातो व शेंपटांत सांठतो. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीं पाणी क्षणभर थबकतें. तेवढ्या अवधींत डोल वर ओढावी लागते, नाहीं तर प्रवाह उलटून मिळविलेलें परत बाहेर जावयाचें. तिथी चुकली तर मेहनत फुकट, ती अशी.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते आणि पाणी फार चढतें. त्यास उधाण म्हणतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यास पाण्याचा चढ-उतार साडेतीन-चार मीटरांचा असतो. अष्टमीच्या सुमारास, ज्यास भांगाची भरती म्हणतात तेव्हां, तो त्याच्या निम्म्याहूनहि कमी भरतो. चढ अधिक तितका प्रवाह जोराचा, आणि प्रवाह जोराचा तितकी डोलेंत मासळी अधिक. म्हणून डोलकर कोळ्याच्या घरीं महिन्याचे दोन भाग पडतात : उधाणांत झोंपेस वेळ नाहीं, आणि भांगांत जाळीं दुरुस्त करीत बसावयाचें. डोलेंतून निघतें तेंहि एकजात नसतें. बोंबलाबरोबर मांदेली, जवळा, करंदी, कोळंबी, वाकटी, ढोमा असा सगळा गोतावळा बाहेर पडतो. तो निवडण्याचें, वाळविण्याचें व विकण्याचें काम बहुतांशीं स्त्रिया करितात. त्या भल्या पहाटे टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या असतात, आणि भाव ठरविण्यांत त्यांचा हात धरणारा पुरुष आम्हांस तरी तेथें दिसला नाहीं.

बोंबील हा फार मऊ व पाणीदार मासा आहे. त्याच्या शरीरांत शंभरांत पंचाऐंशीहून अधिक भाग पाणीच असतें. उन्हांत कांहीं घटका पडला तर नासतो. पण हिवाळ्यांत तेथें पाऊस नाहीं, आकाश निरभ्र, आणि दुपारीं भूमीवरून आलेल्या हवेंत ओलावा थोडा. म्हणून किनाऱ्यावर बांबू रोंवून त्यांवर दोऱ्या ताणितात, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगितात. मीठ लागत नाहीं. ऊन आणि वारा हेच काय तें मीठ. तीन-चार दिवसांत दहा किलो ओल्या बोंबलाचे दीड किलोच्या आसपास सुके बोंबील होतात. दूरच्या डोळ्यांस त्या रांगा धुतलेल्या कपड्यांसारख्या दिसतात. हे वाळलेले बोंबील पुढें मुंबईंतील मरोळसारख्या सुक्या मासळीच्या घाऊक बाजारांत येतात, तेथून रेल्वेनें व मोटारींनीं देशभर जातात, आणि अखेरीस केशोरीच्या बाजारांतील त्या पोत्यांत पोंचतात. पाणी गेल्यानें वजन गेलें, वजन गेल्यानें वाहतूक स्वस्त झाली. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या ताटांत समुद्राचा मासा येतो तो या कोरड्या वाऱ्याच्या कृपेनें.

आतां वाचकांस आम्ही फार दूर घेऊन जातों. युरोपाच्या उत्तरेस नॉर्वे देशांत लोफोतेन नांवाचीं बेटें आहेत. तीं ६८ अक्षांशावर, म्हणजे उत्तरध्रुववृत्ताच्याहि पलीकडे असून डिसेंबरांत तेथें कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाहीं. अशा ठिकाणीं हिवाळ्यांत मासेमारी बंद असावी असें कोणासहि वाटेल. वस्तुतः तेथील मोठी सुगी जानेवारी ते एप्रिल हीच होय. बॅरेंट्स समुद्रांत वाढलेले कॉड जातीचे मोठे मासे अंडीं घालण्यासाठीं शेंकडों किलोमीटर पोहून या वेळीं लोफोतेनच्या आखातांत येतात. अटलांटिक महासागरांतील उष्ण प्रवाहाची एक शाखा नॉर्वेच्या किनाऱ्यानें उत्तरेकडे जाते, त्यामुळें तेथील समुद्र गोठत नाहीं. वरचें किनारी पाणी फार थंड व खोलांतील महासागराचें त्याहून कांहींसें उष्ण असतें. या दोहोंच्या मधला चार ते सहा अंशांचा थर अंड्यांस मानवतो, आणि अनुभवी नाखवे आपला गळ व जाळें नेमकें त्या थरांत सोडितात.

नवल पुढेंच आहे. हा कॉडहि तेथील लोक मिठावांचून वाळवितात, आणि वाळविण्याची रीति वसईच्या बायांनीं ओळखावी अशी आहे. डोकें कापून, पोट साफ करून, दोन मासे शेंपटाशीं बांधितात आणि लांकडी मांडवांच्या दांड्यांवर टांगितात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते तेथें लोंबत राहतात. हवा गोठणबिंदूच्या थोडी वरखालीं असते. माशी नसते, कीड नसते, आणि समुद्रावरून वारा अखंड वाहतो. पांच किलोचा सुमारें एक किलो होतो, आणि तो वर्षानुवर्षें टिकतो. व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी याचें जहाज फुटून तो १४३२ सालच्या जानेवारींत लोफोतेनच्या टोंकाजवळील रोस्त बेटास लागला. तेथील लोक लांकडासारखा कठीण वाळलेला मासा कुटून खातात, हें त्यानें लिहून ठेविलें आहे. आजहि तो मासा इटलींत व आफ्रिकेंतील नायजेरियांत आवडीनें खाल्ला जातो. म्हणजे उष्ण किनाऱ्यावर जें काम ऊन तीन-चार दिवसांत करितें, तेंच थंड किनाऱ्यावर गारवा दोन-तीन महिन्यांत करितो. दोन्ही ठिकाणीं खरा कामगार कोरडा वाराच.

केवळ अक्षांश पाहून समुद्राची परीक्षा मात्र करूं नये. कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड बेट आहे. तें लोफोतेनच्या कितीतरी दक्षिणेस असूनहि तेथें हिवाळ्यांत समुद्रावर बर्फ येतें, कारण उत्तरेकडून लॅब्रेडॉरचा थंड प्रवाह त्याच्या अंगावरून वाहतो. खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. त्यास उणे १.८ अंशांच्या सुमारास उतरावें लागतें. अशा पाण्यांत माशाचें रक्त गोठूं नये म्हणून तेथील कॉडच्या शरीरांत हिवाळ्यापुरतें बर्फाचे कण वाढूं न देणारें एक द्रव्य तयार होतें. थंड पाण्यांत प्राणवायुहि अधिक विरघळतो : शून्य अंशाच्या गोड्या पाण्यांत लिटरास सुमारें १४ मिलिग्रॅम, तर २५ अंशांच्या पाण्यांत सुमारें ८. म्हणून थंड समुद्रांत जाती थोड्या, पण एकेका जातीचे थवे अफाट, आणि मासा सावकाश वाढणारा. नॉर्वेचा कॉड सहा-सात वर्षांचा झाल्यावर अंडीं घालण्याजोगा होतो. आमच्या उष्ण समुद्रांत जाती पुष्कळ, आयुष्य थोडें, वाढ झपाट्याची. वर डोलेच्या गोतावळ्याची यादी दिली ती याच कारणानें एवढी लांबली.

मालवणकडील रापणीचा उल्लेख न करितां पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं. ऑक्टोबरापासून थंडीभर बांगड्याचे व तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येतात. होडींतून लांबच लांब जाळें अर्धवर्तुळाकार सोडितात आणि त्याच्या दोन टोंकांचे दोर किनाऱ्यावर आणितात. मग दोन रांगांनीं माणसें दोर ओढीत ओढीत जवळ येतात. ज्यानें दोरास हात लाविला त्यास वांटा. अलीकडे यंत्राच्या होड्या मोठ्या जाळ्यांनीं दूरवरच संबंध थवा वेढून उचलितात, त्यांस पर्ससीन म्हणतात. त्यामुळें रापणवाल्यांच्या हातीं पुष्कळदां रिकामा दोर येतो आणि तंटे होतात. १९८१ सालीं राज्यानें सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला, आणि २०१६ सालच्या आदेशानें राज्याच्या जलधिक्षेत्रांत पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांपुरती ठेविली. तरी तंटे मिटले असें म्हणवत नाहीं.

कारण समुद्र अथांग असला तरी मासा अगणित नाहीं. हें न्यूफाउंडलंडच्या लोकांस फार महागांत शिकावें लागलें. पांच शतकें जेथें कॉड काढिला, तेथें मोठमोठ्या यांत्रिक जहाजांनीं तो इतका उपसला कीं १९९२ सालच्या जुलैंत कॅनडा सरकारास ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारें तीस हजार माणसांचा रोजगार एकदम गेला, गांवेंच्या गांवें ओस पडलीं. मर्यादित प्रमाणांत ती पुन्हां सुरू होण्यास २०२४ साल उजाडावें लागलें. म्हणजे बंदीच्या वेळीं जन्मलेलें मूल तोंवर बत्तीस वर्षांचें झालें होतें. आपल्याकडे पापलेटाची चिंता तशीच आहे. डोलेच्या बारीक शेंपटांत पापलेटाचीं पिल्लें हजारोंनीं सांपडतात व कवडीमोलानें विकलीं जातात. तीं वाढूं दिलीं तर काय मोल होईल हें सातपाटीचा प्रत्येक कोळी जाणतो, पण आज पिल्लूं सोडणाराच्या घरीं आजची चूल पेटावयाची कशी, हाहि प्रश्न खराच आहे. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें पापलेटास राज्य मासा म्हणून घोषित केलें. आमच्या तळ्यांचीहि गोष्ट फार वेगळी नाहीं. बेशरमीच्या झुडपांनीं काठ व्यापिले, देशी जातींचे मासे कमी झाले, आणि कित्येक गांवीं ढिवरांच्या बायांनीं स्वतः पाण्यांत उतरून तें तण उपटलें, तेव्हां कोठें तळें पुन्हां श्वास घेऊं लागलें.

हिवाळ्याचा समुद्र शांत असतो हेंहि सर्वकाळ खरें नाहीं. २०१७ सालीं नोव्हेंबराच्या अखेरीस दक्षिणेकडे उठलेलें ओखी नांवाचें चक्रीवादळ डिसेंबरांत पश्चिम किनाऱ्यानें गुजरातच्या दिशेनें चालून आलें. केरळ व तामिळनाडूच्या साठांहून अधिक होड्या सुमारें साडेनऊशें माणसांसह भरकटत सिंधुदुर्गांतील देवगडच्या आश्रयास लागल्या. घरापासून इतक्या दूर, परक्या भाषेच्या गांवीं. त्यांचे कित्येक सोबती मात्र समुद्रांतून परतले नाहींत. त्याच दिवसांत मुंबईकडे अवेळीं पाऊस झाला. दोरीवर टांगलेला बोंबील अशा पावसांत भिजला कीं तो पुन्हां वाळत नाहीं. त्यास बुरशी येते व तो खत म्हणून टाकावा लागतो. त्या पावसाची बातमी आमच्या बाजूस येते ती वर्तमानपत्रांतून नव्हे, तर पोत्यांतून.

ती वाचण्याची रीति सोपी आहे. चांगल्या थंडींत वाळलेला बोंबील फिकट पिवळसर असतो आणि वाकविला कीं कट्‌कन मोडतो. ओल लागलेला नुसता वाकतो, हातास चिकटतो, आणि त्याचा वासहि आंबट येतो. पुढच्या बाजारीं एक हातांत घेऊन पाहावा. विकणारी बाई रागावणार नाहीं. गोंदियास पोतें उचलण्यापूर्वीं तीहि तसाच मोडून पाहते.